अर्ध्या तिकिटाची हद्द

नवापूरच्या एसटी स्टँडवरून सुरतेकडे निघालेली गाडी बेडकी नाका ओलांडते, तेव्हा खिडकीबाहेर काही बदलल्यासारखे वाटत नाही. तीच तुरीची शेते, तशीच कौलारू घरे आणि तेच मावची, गावित, भिल्ल, कोकणी आडनावांचे लोक. फक्त पाट्यांवरची लिपी बदलते. गाडीच्या आत मात्र एक बदल झालेला असतो आणि तो कंडक्टरच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटावर छापलेला असतो. महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत बाईचे भाडे अर्धे, पुढे पूर्ण. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याचे भाडे अलीकडेही पूर्ण आणि पलीकडेही पूर्ण. मागच्या बाकावर पंचाहत्तरी ओलांडलेले कोणी आजोबा असतील, तर त्यांना हद्दीपर्यंत शून्य रुपयांचे तिकीट आणि पुढे इतरांसारखेच पैसे.

म्हणजे एकाच गाडीत, एकाच प्रकारच्या बाकावर बसून, एकच अंतर कापणाऱ्या तीन माणसांना तीन वेगवेगळे दर. हा भेदभाव झाला का? चहाच्या टपरीवर हा प्रश्न बहुधा थट्टेने विचारला जातो, ‘आम्हा पुरुषांनीच काय घोडं मारलंय?’ असा. पण थट्टा बाजूला ठेवली तर प्रश्न खरा आहे आणि जुनाही आहे. गिऱ्हाईक कोण आहे हे पाहून भाव ठरवावा की नाही, हा वाद आपल्याकडे एसटीच्या कितीतरी आधी सुरू झाला. त्यातला बराचसा भाग खानदेशच्या मातीतच घडला. त्याचा माग काढण्यासाठी नवापूरसारखे दुसरे गाव नाही, कारण इथे हद्द नकाशात तर आहेच, शिवाय पायाखालीही आहे. तापी व्हॅली मार्गावरच्या नवापूर रेल्वे स्थानकाचा फलाटच दोन राज्यांत विभागलेला आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर तर मधोमध सीमा रंगवलेली आहे.

१

ज्या काळात सवलत हा शब्द इथल्या बाजारात कोणी ऐकला नव्हता, त्या काळातही गिऱ्हाइकानुसार भाव होताच. तो उलट्या दिशेने चालत असे.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि नवापूर पश्चिम खानदेशात आले. पुढे १९३५च्या भारत सरकार कायद्याखाली देशातले काही आदिवासी प्रदेश ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ म्हणून जाहीर करण्यात आले. मुंबई इलाख्याच्या त्या यादीत नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि मेवासी संस्थानिकांची गावे होती. या प्रदेशांतल्या आदिवासींच्या स्थितीची पाहणी डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने केली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सरकारला दिलेला अहवाल आजही अभ्यासक वाचतात. वेठ, न फिटणारे कर्ज आणि हातातून गेलेल्या जमिनी हे त्या अहवालाचे मुख्य विषय आहेत.

या तिन्हींच्या मुळाशी भावाचा व्यवहार होता. पावसाळ्याच्या तोंडावर घरातले धान्य संपले की सावकाराच्या ओट्यावर जायचे. तिथे मिळणाऱ्या धान्याची परतफेड सुगीत सवाईने किंवा दिढीने करायची. ज्वारी महाग असताना ती अंगावर घ्यायची आणि स्वस्त असताना जास्त मापाने परत करायची. ओट्यावर आलेला माणूस कोण आहे हे पाहून व्याज ठरे, माप ठरे आणि वहीत काय लिहायचे तेही ठरे. अडलेल्या, निरक्षर, दुसरे दुकान गाठू न शकणाऱ्या माणसाला वेगळा भाव, असा त्या बाजाराचा नियम होता. अर्थशास्त्रात याला किंमतभेद म्हणतात. ओट्यावर उभ्या असलेल्याला ते नाव माहीत असण्याचे कारण नव्हते.

या व्यवहाराला उत्तर मिळायला स्वातंत्र्यानंतरही पंचवीस-तीस वर्षे लागली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहादे-तळोदे परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जमीन आणि मजुरी यांचे लढे उभारले. १९७२ साली नाशिकला आदिवासी विकास महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर ‘महाराष्ट्र आदिवासींची आर्थिक स्थिती (सुधारणा) अधिनियम, १९७६’ आला. अधिसूचित आदिवासी क्षेत्रात ठरावीक शेतमाल आणि वनोपज खासगी व्यापाऱ्याने खरेदी करायचा नाही, तो महामंडळाने हमीभावाने घ्यायचा, ही एकाधिकार खरेदी त्या कायद्यातून आली. पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी खावटी कर्जाची योजनाही त्याच सुमारास सुरू झाली. या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, केंद्रांवर रांगा लागल्या, चुकारे रखडले, हा भाग निराळा. इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एका समूहाला लागू होणारा वाईट भाव मोडण्यासाठी राज्याने त्याच समूहापुरता वेगळा कायदा केला. समान वागणूक मिळावी म्हणून वेगळी वागणूक, हा पेच तेव्हापासून आपल्या सोबत आहे.

२

घटनाकारांपुढे हाच पेच दुसऱ्या रूपात आला होता. मुंबई इलाख्यात त्याची पूर्वपीठिका तयार होती. रावबहादुर सी. के. बोले यांच्या १९२३च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय विधिमंडळात झाला. पण ठराव कागदावरच राहतो, हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर दिसले. तळे सार्वजनिक पैशाने राखलेले होते. दुकानाचे काय? ते तर खासगी मालकीचे. न्हाव्याने कोणाची हजामत करावी आणि हॉटेलवाल्याने कोणाला बशीतून चहा द्यावा, यात सरकारने पडावे का?

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने याचे उत्तर दिले. आज आपण ज्याला अनुच्छेद १५ म्हणतो, त्याच्या मसुद्यावर त्या दिवशी चर्चा झाली. पहिला भाग राज्यसंस्थेला बांधतो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी केवळ एखाद्या कारणावरून राज्याने नागरिकांत भेद करू नये. दुसरा भाग नागरिकांनाही बांधतो. याच कारणांवरून दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे यांत कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही. दुकान म्हणजे नेमके काय, धोब्याची लाँड्री आणि न्हाव्याचे सलून त्यात येते का, असा प्रश्न सभागृहात निघाला. डॉ. आंबेडकरांनी त्याला दिलेले उत्तर व्यापक होते. मोबदला घेऊन सेवा द्यायला जो बसला आहे, तो या शब्दाच्या कक्षेत येतो, असा त्याचा आशय. त्रेसष्ट वर्षांनी, २०११ साली, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच चर्चेचा आधार घेऊन ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ खासगी शिक्षणसंस्थांपर्यंत नेला.

प्रवेश दिला, पण भाव वेगळा लावला तर? अनुच्छेद १५च्या शब्दांत याचे थेट उत्तर नाही. ते १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात सापडते. १९७६ साली त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याच्या सहाव्या कलमाची रचना पाहण्यासारखी आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार देणे हा गुन्हा आहेच. पण कलम तिथे थांबत नाही. इतर गिऱ्हाइकांना नेहमीच्या धंद्यात ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर माल दिला जातो, त्याच अटींवर तो द्यायला नकार देणे हाही गुन्हा. अटी म्हटल्या की भाव आलाच. दाराशी उभे करून चढ्या दराने देणे, वेगळ्या कपात देणे, सगळ्यांचे झाल्यावर देणे, हे प्रकार ज्यांनी भोगले होते, त्यांच्या अनुभवातून आल्यासारखे हे कलम वाचताना वाटते. समूह पाहून लावलेला भाव आपल्या कायद्याने स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला, तो इथे आणि या एका संदर्भात.

३

आता सवलतीकडे येऊ. अनुच्छेद १५चा तिसरा भाग म्हणतो की, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी विशेष तरतूद करण्यास राज्याला आडकाठी नाही. पण विशेष तरतूद म्हणजे संरक्षण की प्राधान्य? पहिल्या भागात लिंगावरून भेद करू नका म्हणायचे आणि तिसऱ्या भागात तो करायला मुभा द्यायची, हे कसे जुळवायचे?

या प्रश्नावरचा एक पहिला महत्त्वाचा निकाल खानदेशातूनच गेला. नवापूरहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे ज्या जळगावला पोचते, त्या जळगावच्या नगरपालिकेत स्त्रियांसाठी जागा राखीव होत्या. त्याला दत्तात्रय मोतीराम मोरे यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १९५२ साली मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद अली करीम छागला यांच्या न्यायालयाने निकाल दिला. पहिला आणि तिसरा भाग एकत्र वाचले पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. तसे वाचले की अर्थ असा निघतो: राज्याला स्त्रियांच्या बाजूने आणि पुरुषांच्या विरुद्ध भेद करता येईल, पण पुरुषांच्या बाजूने आणि स्त्रियांच्या विरुद्ध करता येणार नाही. तराजूची दोन्ही पारडी एकाच वजनाची नाहीत, हे घटनेने जाणूनबुजून ठरवले आहे, हा या निकालाचा गाभा. पुढे १९५४ साली युसूफ अब्दुल अझीझ खटल्यात आणि १९९५ साली आंध्र प्रदेशातल्या नोकऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने पावले टाकली. २००७ साली अनुज गर्ग खटल्यात मात्र न्यायालयाने एक इशारा दिला. संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीच्या संधीच काढून घेणारा कायदा विशेष तरतूद म्हणून टिकणार नाही. मद्यविक्रीच्या जागी स्त्रियांना नोकरी करण्यास बंदी घालणारी ती तरतूद रद्द झाली.

या चौकटीत एसटीचे अर्धे तिकीट ठेवून पाहता येते. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली. आजचे महामंडळ १९५०च्या केंद्रीय कायद्याखाली स्थापन झालेली संस्था असल्याने ते ‘राज्य’ या व्याख्येत येते आणि अनुच्छेद १५ त्याला बांधतो. लहान मुलांना अर्धे तिकीट, विद्यार्थ्यांचे पास, खेड्यातल्या शाळकरी मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास, ६५ वर्षांपुढच्यांना अर्धे भाडे, अशी सवलतींची यादी वाढत गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांचा प्रवास मोफत झाला. ९ मार्च २०२३च्या अर्थसंकल्पात घोषणा होऊन १७ मार्चपासून सर्व स्त्रियांना सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मे भाडे लागू झाले. जळगावच्या निकालातला नियम लावला, तर या सवलतीला घटनेचा भक्कम आधार आहे. बेकायदा भेदभाव हा शब्द तिला लागत नाही.

कायद्याचे उत्तर इथे मिळते. न्यायाचे उत्तर एवढ्यावर मिळत नाही.

४

इतर देशांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे निकालांना कारण झालेली रक्कम आपल्या अर्ध्या तिकिटाइतकीच किरकोळ होती.

इंग्लंडमधल्या ईस्टली नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर निवृत्तिवेतनाच्या वयाला पोचलेल्यांना प्रवेश मोफत होता. तेव्हा तिथे हे वय स्त्रियांसाठी ६० आणि पुरुषांसाठी ६५ होते. १९८५ साली जेम्स दांपत्य पोहायला गेले. दोघांचे वय ६१. पत्नीला प्रवेश फुकट मिळाला आणि पतीला ७५ पेन्स द्यावे लागले. वाद थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९९० साली तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल जेम्स यांच्या बाजूने लागला. नगरपालिकेचा हेतू वृद्धांना मदत करण्याचा होता, हे मान्य. पण कसोटी हेतूची नसून परिणामाची आहे, असे बहुमताने ठरवले. हा माणूस स्त्री असता, तर त्याला हेच पैसे पडले असते का? नसते. मग तो भेदभाव.

कॅलिफोर्नियात त्याच १९८५ साली कॉयर विरुद्ध मेट्रो कार वॉश हा निकाल लागला. गाड्या धुण्याच्या केंद्रांवर ‘लेडीज डे’ला स्त्रियांना कमी दर आणि काही नाइटक्लबांत स्त्रियांना मोफत प्रवेश, याविरुद्ध एक तरुण न्यायालयात गेला होता. त्या राज्याच्या १९५९च्या नागरी हक्क कायद्याखाली ही सूट बेकायदा ठरली. स्त्रियांना सूट देताना त्यांच्याविषयीचे ठोकळेबाज समजही पक्के होतात, असे न्यायालयाचे म्हणणे होते. तो नाइटक्लब स्त्रियांचे भले करायला निघाला नव्हता. स्त्रिया आल्या की पुरुष येतात, हा त्याचा हिशोब होता. म्हणजे सवलत मिळालेली स्त्री तिथे गिऱ्हाईक कमी आणि आमिष जास्त होती.

जेम्स यांचा खटला वाचताना आपली रेल्वे आठवते. २० मार्च २०२० पर्यंत भारतीय रेल्वे ज्येष्ठ नागरिकांना सवलत देत होती. पुरुषांना ६० व्या वर्षापासून ४० टक्के, स्त्रियांना ५८ व्या वर्षापासून ५० टक्के. ईस्टलीचा नियम लावला असता, तर हे टिकले नसते. जळगावचा नियम लावला तर सहज टिकते. इंग्लंड-अमेरिकेतल्या कायद्याने भेदाकडे दोन्ही बाजूंनी सारख्या नजरेने पाहिले. आपल्या घटनेने इतिहास जमेस धरला. कोणत्या समूहाला आजवर प्रवासच करू दिला गेला नाही, कोणाच्या हातात पैसा नव्हता, कोणाला विचारल्याशिवाय घराबाहेर पडता येत नव्हते, हे प्रश्न आपल्या कायद्याला विचारता येतात. ही आपल्या व्यवस्थेची ताकद आहे. पण हे प्रश्न विचारायचेच सोडून दिले, तर तीच तिची दुबळी बाजू ठरते.

५

आता हद्दीचा मुद्दा. नवापूरच्या बाईचे तिकीट बेडकी नाक्यापुढे पूर्ण होते, त्यात लिंगाचा संबंध नाही. संबंध राज्याच्या तिजोरीचा आहे. सवलतीची भरपाई महाराष्ट्र सरकार महामंडळाला देते आणि ती आपल्या हद्दीतल्या प्रवासापुरती देते. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये ‘शक्ती’ योजना आणली, तेव्हा मोफत प्रवास कर्नाटकात राहणाऱ्या स्त्रियांपुरताच ठेवला. अनुच्छेद १५मध्ये ‘जन्मस्थान’ आहे, ‘निवास’ नाही. हा फरक किती मोलाचा, ते १९५५च्या डी. पी. जोशी खटल्यात दिसले. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारतातल्या विद्यार्थ्यांना कॅपिटेशन फी माफ होती आणि बाहेरच्यांना द्यावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती पद्धत वैध ठरवली. जन्मस्थान वेगळे आणि निवास वेगळा, आणि राज्याने आपल्या रहिवाशांच्या शिक्षणावर खर्च करण्यात गैर काही नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. अजिंठा-वेरूळला भारतीयांना ४० रुपये आणि बहुतेक परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये, हा भेदही याच जातकुळीचा आहे.

पण नवापूरसारख्या ठिकाणी ‘आपला रहिवासी’ कोण, हे कधी आणि कसे ठरले? १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. त्या वेळी नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. आदल्या दिवशीपर्यंत एकाच तालुक्यात असलेली सोयरी-धायरी दुसऱ्या दिवशी दोन राज्यांत वाटली गेली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण ती रेषा तशीच राहिली. आज उच्छलला दिलेली लेक माहेरी येते, तेव्हा तिच्या अर्ध्या तिकिटाची सुरुवात कुठून होणार, ते साठाहून अधिक वर्षांपूर्वी नकाशावर ओढलेल्या त्या रेघेने ठरवलेले असते.

६

सरकारी गाडीतून उतरून बाजारात शिरलो, तर चित्र पुन्हा बदलते. खासगी दुकानदाराने ‘महिलांसाठी खास सूट’ अशी पाटी लावली, तर त्याला रोखणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे, कमी घेणे नाही. आपल्या कायद्याने छत बांधले, जमीन मोकळी सोडली. त्यामुळे सूट ही सदैव दुकानदाराची मर्जी ठरते. मात्र सूट एकाला मिळते, याचा दुसरा अर्थ ती दुसऱ्याला नाकारली जाते. विशिष्ट जातीच्या गिऱ्हाइकांना सोडून बाकी सगळ्यांना दहा टक्के सूट, अशी पाटी कोणी लावली, तर तिला सूट म्हणायचे की दंड? इथे १९५५च्या कायद्यातले ‘त्याच अटींवर’ हे शब्द पुन्हा उपयोगी पडतात. सवलतीच्या भाषेत लिहिलेला बहिष्कारही बहिष्कारच असतो.

नव्या बाजारात तर पाटीही लागत नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यांना एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेद करण्यास आणि ग्राहकांचे मनमानी वर्गीकरण करण्यास मनाई केली आहे. जानेवारी २०२५ मध्ये टॅक्सी पुरवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा दिल्या. फोन कोणत्या कंपनीचा आहे हे पाहून भाडे वेगळे दाखवले जाते, अशा तक्रारी होत्या. कंपन्यांनी आरोप नाकारले. आरोपातले खरेखोटे काहीही असो, त्याचा प्रकार ओळखीचा आहे. समोरचा माणूस कोण, त्याची ऐपत किती, तो किती अडलेला आहे, हे ताडून भाव सांगायचा. ओट्यावरच्या सावकाराला त्यासाठी माणसाचा चेहरा पाहावा लागे, आता यंत्राला फोन पुरतो. फरक एवढाच की, सावकाराच्या ओट्यावर आपल्याला जास्त भाव लागतो आहे, याची निदान शंका तरी येत असे.

७

या सगळ्या इतिहासातून सवलतीची कसोटी कशी मांडायची? मला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात.

पहिला प्रश्न, सवलतीने बंद असलेले दार उघडते का? शाळकरी मुलीच्या पासाने ते उघडते. पास नसेल तर घरातल्या मुलाचे भाडे भरले जाते आणि मुलीची शाळा सुटते, हे नंदुरबार-धुळ्याच्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. नाइटक्लबातल्या फुकट प्रवेशाने असे कोणतेही दार उघडत नाही.

दुसरा प्रश्न, सवलतीचा भार कोणावर पडतो? एसटीच्या बाबतीत तो सरकारी तिजोरीवर, म्हणजे सर्व करदात्यांवर पडतो. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीची भाडेवाढ झाली, १४.९५ टक्के. ती सर्व प्रवाशांना लागली. अर्धे तिकीट काढणाऱ्या बाईलाही वाढीव भाड्याचे अर्धे द्यावे लागते आणि तिच्या नवऱ्याला पूर्ण. भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर गाड्या जुन्या होतात, फेऱ्या कमी होतात, आणि ज्या पाड्यावर दिवसातून एकच गाडी जाते तिथे तीही बंद पडते. न येणाऱ्या गाडीत अर्धे तिकीट कोणाच्याच उपयोगाचे नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो. सवलतीची रेघ गरजेच्या रेघेशी जुळते का? वयाची सवलत सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण जगलो-वाचलो तर प्रत्येक जण कधीतरी त्या रांगेत उभा राहणार असतो. लिंगाच्या सवलतीचे तसे नाही. मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित गाडीतली सुस्थित बाई आणि नवापूरची मजूर बाई यांना ती सारखीच मिळते. याचा बचाव करता येतो. गरिबीचा दाखला मागितला की दाखल्यासाठी खेटे आले, खेट्यांबरोबर दलाल आले. कागद न मागणारी सवलत ज्यांच्याजवळ कागद नसतात त्यांच्यापर्यंत पोचते, आणि त्यासाठी काही सुस्थितांनाही ती मिळाली तर ती किंमत परवडण्याजोगी आहे. हा युक्तिवाद मला पटतो.

पण नवापूरच्या स्टँडवर दिवाळीनंतर उभे राहिले की तो अपुराही वाटतो. त्या दिवसांत बोचकी, भांडी, कोंबड्या आणि लहान मुले घेऊन जोडपी दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. फडावर नवरा-बायकोची मोजणी एकत्र होते आणि त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. काम दोघांचे, हिशोब एकाचा. बाईच्या मजुरीचा वेगळा आकडा बहुधा कुठल्या वहीत चढत नाही. वर्षभरात तिला स्वतःच्या नावाने, स्वतंत्र माणूस म्हणून मिळणारा कागद म्हणजे हे एसटीचे तिकीट. त्यावर तिचा हक्क अर्ध्या भाड्याच्या रूपाने छापलेला असतो. बेडकी नाक्यापर्यंत.

त्या नाक्यापुढे तिचा खरा प्रवास सुरू होतो. अर्धे तिकीट बेकायदा भेदभाव आहे का, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी केव्हाच देऊन ठेवले आहे आणि ते ‘नाही’ असे आहे. फडावरच्या वहीत तिचे नाव स्वतंत्रपणे का चढत नाही, हा प्रश्न मात्र कोणत्याही न्यायालयापुढे तिच्या नावाने पोचलेला नाही. १९४८च्या संविधान सभेत ‘दुकान’ या एका शब्दाचा अर्थ जेवढ्या बारकाईने तपासला गेला, तेवढ्या बारकाईने ‘कोयता’ हा शब्द तपासला जाईल, तेव्हा एसटीतल्या अर्ध्या तिकिटाचा हिशोब पुरा होईल.